राजकन्येच्या खोलीला दार नाही

कारंज्यात माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया मापं देता देता सगळी चौकशी करतात. माहेर कुठलं? किन्हीराजा. भाऊ आहेत का? एक आहे. काय करतो? तेव्हा माझ्या दातांत टाचण्या असतात ते बरं असतं. शेती करतो, असं मी टाचण्यांमधून सांगते आणि त्यांचा खांदा मापायला घेते. खरं सांगायचं तर शेती माझी आई करते, गुडघे गेलेत तरी करते, आणि आमचा सालदार मोहनसिंग करतो. माझा भाऊ हरीओम खेळतो. तिशी ओलांडून गेलेला, मिशा असलेला, सात-बाऱ्यावर नाव असलेला बाप्या माणूस प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत खटाखट बसवत खेळतो.

खेळतो म्हटलेलं त्याला खपत नाही. "ताई, याले मॉडेल म्हन्तेत," असं तो मला शिकवतो. मी म्हणते, नंदीला नंदीच म्हणतात, त्याला गादीवर बसवलं म्हणून तो काही पाटील होत नाही. मग तो पुढचा ठोकळा बसवतो. भांडायलाही त्याच्या अंगात रग नाही.

हे खूळ लागलं ते माझ्याच घरी. माझी वैष्णवी लहान होती, तिच्या वाढदिवसाला मामानं ठोकळ्यांचा खोका आणला. पोरगी नाचायला लागली. मामानं तिला दाखवायला म्हणून खोका फोडला, जमिनीवर मांडी घातली, आणि दुपारभर मान वर केली नाही. पोरीनं हात लावला की म्हणे, थांब थांब, तसं नाही. संध्याकाळच्या बसला निघताना त्यानं ते सगळं परत खोक्यात भरलं आणि पिशवीत घातलं. "तिच्यापाशी हरपून जाईन," म्हणाला. पोरगी रडत झोपली. आता ती कॉलेजात जायला लागली, तरी मामा आला की ती स्वयंपाकघरातच काम काढून बसते.

त्यानंतर पार्सलं सुरू झाली. गावातले लोक आधी विचारत, हरीभाऊ, बियाणं आलं काय? आता विचारत नाहीत. सगळ्यांना माहीत झालंय की डवरणी-निंदणीच्या दिवसांत, ज्या वेळी माणसं वावरात सोयाबीनमागं वाकलेली असतात, त्या वेळी हा घरात पालथा पडून राक्षसाच्या दाढा बसवत असतो. "दारू पेत नाई, पत्ते खेळत नाई, कोनाच्या अध्यात नाई," असं आई कौतुकानं सांगते. मी आईला सांगितलं, बाई, दारू पिणारा निदान सकाळी शुद्धीवर तरी येतो. तिला राग आला. पोराविषयी काही बोललं की तिला येतोच. तिनंच त्याला असा लोण्यात ठेवलाय.

आता त्या मॉडेलाविषयी. शाळेत असताना हरीओमला कुठलं तरी फाटकं गोष्टीचं पुस्तक मिळालं होतं. कव्हर नव्हतं, मागची पानंही नव्हती. त्यात एक राक्षस एका राजकन्येला डोंगरावरच्या किल्ल्यात नेऊन ठेवतो. मारत नाही, छळत नाही. रोज सकाळी तिच्यासाठी काहीतरी आणतो, कधी आरसा, कधी मोर, कधी चांदीचा पाळणा, आणि तिला काय हवं ते मात्र कधीच विचारत नाही. तिच्या खोलीला खिडकी आहे, दार नाही. बस, इथून पुढची पानं गेलेली. एवढ्याशा गोष्टीचा किल्ला हा माणूस वर्षानुवर्षं बांधतोय. खाली डोळे असलेल्या झाडांचं रान, त्यातून निळ्या ठोकळ्यांचा नाला, नाल्याकाठी छोटं तळं, मग काळा डोंगर. डोंगरावर बुरूज, बुरुजात राक्षसाचं स्वयंपाकघर, त्यात बोटाच्या पेराएवढी कढई आणि तिच्यात हिरवं काहीतरी शिजतंय. सगळ्यात वर निळ्या झग्यातली बोटाएवढी राजकन्या. खोटं कशाला बोलू, काम बारीक आहे. बारीक काम मीही करते, पण माझ्या कामाचे ब्लाउज लोक अंगावर घालून लग्नाला जातात. याच्या किल्ल्यावर नुसती धूळ बसते, आणि ती झटकायला हा स्वतःचा दात घासायचा ब्रश घेतो.

आणि हे सगळं कशावर उभं आहे? दारावर. घरातल्या मधल्या खोलीचं सागवानी दार, आमच्या बापानं करून घेतलेलं. हरीओमला मोठी सपाट फळी हवी होती म्हणून यानं ते बिजागऱ्यांतून काढलं आणि बैठकीत दोन ड्रमांवर आडवं टाकलं. मधली खोली, जी त्याच्या लग्नानंतर त्याचीच होणार होती, ती उघडी पडली. आईनं चौकटीला एक जुनी साडी बांधली आणि वर मलाच म्हणाली, हवा येते.

लग्न. तेच तर दुखणं होतं. आजकाल शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी असा पोरगा आहे त्यालाच कळतं. नोकरी पाहिजे, पुण्यात खोली पाहिजे, सासू गावी राहिली पाहिजे. मी किती जणांचे उंबरठे झिजवले, किती सोयऱ्यांची मनं राखली. आई रात्रंदिवस एकच म्हणे, माझे डोळे मिटायच्या आत एक बाई या घरात येऊ दे, मला उठवून पाणी देणारी. हरीओमही नाही म्हणत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. "पाहा," म्हणायचा. बस, पाहा. जसं काही मी त्याच्यासाठी टोपी बघायला निघाले होते.

मग शिरपूर जैनचं स्थळ आलं. दौलतराव म्हणून आहेत, थोडी शेती आणि पिठाची गिरणी. गिरणी त्यांची मुलगी संगीता चालवते. बी.ए. झालेली, उंच, केसांवर पिठाची पांढरी भुकटी, आणि बोलणं सरळ. मी तिला एकटीला गाठून विचारलं, बाई, तुझी काय अट आहे ते आताच सांग. ती म्हणाली, "शेतीवाला चालते मले, ताई. गावात राहाले बी चालते. फक्त मानूस आयकनारा पाह्यजे." मला वाटलं, देवानं दार उघडलं. आमच्या हरीओमला बोलता येत नाही, म्हणजे ऐकतच असेल.

तिथं पाहणं झालं, दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. रोज संध्याकाळी गिरणी बंद झाली की ती फोन करी. आईनं मला सांगितलं की पोरगा अंगणात फेऱ्या मारत बोलतो, हसतोसुद्धा. त्यानं तिला किल्ल्याविषयी सांगितलं, आणि ती म्हणाली होती की मला बघायचाय. हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला, पण जमतंय तर जमू दे म्हटलं.

आमच्याकडे मुलगी पसंत पडली की मुलीकडचे घर पाहायला येतात. पूर्वी मुलगी येत नसे, आता येते, आणि यावंच, तिलाच तर राहायचंय. मी आदल्या दिवशीच किन्हीराजाला गेले. घर सारवलं, भांडी घासली. हरीओमला म्हटलं, एवढं उचल आणि कोठ्यात ठेव, दार जागेवर लाव. तो म्हणाला, "उचललं तं तडकते ते." मी म्हटलं, "अन् लग्न तडकलं तं?" शेवटी आईनं किल्ल्यावर धुतलेली चादर टाकली. बुरूज तसाच वर टोचत होता.

दौलतराव आणि संगीता दोघंच आले. पोहे झाले, चहा झाला. दौलतराव मोजकं बोलणारे, त्यांनी विहिरीचं पाणी विचारलं, मोहनसिंगला किती वर्षं झाली ते विचारलं, आणि मधल्या खोलीच्या साडीकडे दोनदा बघितलं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तेवढ्यात संगीता उठली आणि तिनं आपल्या हातानं चादर काढली.

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. गुडघ्यावर बसली आणि डोळे असलेल्या झाडांपासून वरपर्यंत सगळं बघत गेली. कढई दिसली तेव्हा तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. हरीओमच्या तोंडावर तेव्हा जे काही होतं, ते मी त्याच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं. मला क्षणभर वाटलं, माझा भाऊ तरला.

"राजकन्येच्या खोलीले दार कुठं हाय?" तिनं विचारलं.

"दार नसते. गोष्टीत तसंच हाय."

"मंग ते जेवते कशी?"

हरीओमला हे कधी सुचलंच नव्हतं. तो म्हणाला, "तो आनून देत असीन."

"अन् बाहेर कवा येते?"

"मालूम नाई. मांगची पानं फाटेल होती."

"मंग आता तुमीच काढा तिले," असं म्हणत संगीतानं हात घालून राजकन्या उचलली आणि खाली तळ्याकाठी, गवतावर उभी केली. "हे पाहा, कशी मोकळी दिसते."

हरीओमनं जे केलं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, ऐकीव असतं तर विश्वास ठेवला नसता. तो म्हणाला, "हात धुतले का तुमी?"

घर पाहायला आलेल्या मुलीला. तिच्या बापासमोर. आई चहाची कपबशी घेऊन उभी होती ती तशीच राहिली.

"धुतले नाई," संगीता म्हणाली. "पोहे खाल्ले आता."

त्यानं तळहात पुढं केला. तिनं राजकन्या त्यावर ठेवली. त्यानं ब्रश काढला, तिचं तोंड पुसलं, झगा पुसला, केस पुसले, आणि तिला पुन्हा बुरुजात खिडकीपाशी बसवलं. सगळं हळूच, मन लावून, जसं काही घरात दुसरं कोणी नाहीच. मग वळून दौलतरावांना म्हणाला, चला, वावर दाखवतो. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. वैतागाची दुसरी काही सोय तिथं नव्हती. संगीता बैठकीत एकटीच बसली होती, आणि जाताना आईच्या पाया पडली.

दोन-चार दिवस गेले. आईचा फोन आला, हऱ्या जेवत नाही. ताट समोर ठेवलं की उठून जातो. फिरतो, बसतो, पुन्हा फिरतो. "संगीताले भेटाचं हाय," एवढंच म्हणतो, आणि ती फोन उचलत नाही. आईचा आवाज आनंदानं कापत होता. "जीव लागला व पोराचा," ती म्हणाली. "आता जमलंच समज." मीही शिवण बाजूला ठेवलं. म्हटलं, उशिरा का होईना, या दगडाला पाझर फुटला.

आणि त्याच दुपारी दौलतरावांचा फोन. "बाई, तुमचं घर चांगलं हाय. पोरगं बी वंगाळ नाई. पन जमत नाई, माफ करा." मी कारण विचारलं नाही, मला ते ठाऊक होतं. आईला सांगितलं तर ती रडायला लागली, पोरगा उपाशी मरेल म्हणाली. मग मीच ठरवलं, याला घेऊन शिरपूरला जायचं. मुलगी सरळ आहे, तिच्यासमोर याला उभा करायचा, चुकलं म्हण म्हणायचं. प्रेमात जेवण सुटलेला माणूस समोर आला की बाईचं मन किती कडक राहील?

किन्हीराजाहून मालेगाव, मालेगावहून शिरपूर. हरीओमनं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. गालफडं बसली होती. बसमध्ये मी त्याला बोलणं पढवत होते, तो हो हो करत खिडकीबाहेर बघत होता. खरं सांगते, मला त्याची दया आली. किती वर्षांनी आली असेल. मी माझ्या डब्यातली पोळी पुढं केली, तर म्हणाला, "आता नाई, ताई. वापस येतानी."

गिरणी चालू होती. संगीता एका म्हातारीचं दळण उतरवत होती. आम्हाला बघून तिनं पट्टा थांबवला, म्हातारीचा डबा भरून दिला, आणि ती गेल्यावर आम्हाला बसायला दोन पाट दिले. मी बसले नाही. मी म्हटलं, "बाई, तुह्या बापानं नाई म्हटलं, ते बरोबरच केलं. याची चूक मोठी हाय. पन तुमी गेल्यापासून यानं अन्न सोडलं. आई रडून राह्यली. तू फोन बी उचलत नाई. म्हनून याले घेऊन आली. याचं आयक, मंग काय ते ठरव."

संगीतानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताठा सैल झाला. पदरानं हात पुसत तिनं हळूच विचारलं, "खरं काय?"

हरीओम म्हणाला, "तुमी राजकन्या नेली. ते वापस देता का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्याचा उघडा तळहात दिसला, आणि सगळं कळलं. कशापायी अन्न सोडलं होतं, कशाला संगीताला भेटायचं होतं, आणि मी कशासाठी कारंज्याहून बस बदलत इथवर याच्याबरोबर आले होते. दया आली होती ना मला. थुंकायलासुद्धा जागा नव्हती तिथं, सगळीकडे लोकांचं पीठ.

"हे मांगाले आले तुमी?" संगीतानं विचारलं.

"हो. दुसरी भेटत नाई तसली. खोक्यात एकच येते."

तिनं गिरणीच्या खिडकीकडे हात केला. राजकन्या तिथं चौकटीत उभी होती, तोंड रस्त्याकडे, अंगावर पिठाचा थर. संगीता माझ्याकडे बघून बोलली, त्याच्याकडे नाही. "मीच नेली, ताई. चोरून नेली म्हना. वाटलं, ह्यायच्या ध्यानात येईन, मंग येतीन. आले अन् नुस्तं म्हनले असते, राहू दे तुह्यापाशी, तं मी बापाले मनवलं असतं. रोज रस्त्याकडं पाहत होती."

हे सगळं त्याच्यासमोर, दोन हातांवर चाललं होतं. त्यानं ऐकलं की नाही देव जाणे. तो खिडकीपाशी गेला होता. राजकन्या उचलली, तिच्यावरचं पीठ फुंकलं, उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"इथं ओरखडा पडला झग्याले," तो म्हणाला.

माझ्या पाठचा भाऊ आहे. त्याला मी काखेत घेऊन वाढवलाय. त्या घडीला मला त्याची किळस आली. बाटलीत पडलेल्या, जुगारात बुडालेल्या माणसाचं मी समजू शकते, त्याला निदान आपण काय गमावलं ते कधीतरी कळतं. या माणसासमोर एक चांगली, हुशार, त्याच्या खुळाला न हसणारी बाई आपलं मन उघडं करून उभी होती, आणि हा झग्याला ओरखडा शोधत होता. खिशातून त्यानं घडी केलेला स्वच्छ रुमाल काढला. बाहुली गुंडाळायला तो घरून आणला होता. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी नाही, साधी पाव किलो मिठाई आणायचं त्याला सुचलं नव्हतं.

"चाल, ताई, बस भेटीन," तो म्हणाला.

"तू जा," मी म्हटलं.

"ताई, तुमी चहा घेऊन जा," संगीता म्हणाली. "त्यायले जाऊ द्या."

तो गेला. मी येत नाही हे स्टँडवर पोचेपर्यंत तरी त्याच्या लक्षात आलं असेल का, शंका आहे. मी पाटावर बसले. तिनं चहा केला, आम्ही दोघी प्यालो. मी तिला म्हटलं, बाई, तू सुटलीस, आणि हे मी त्याची सख्खी बहीण सांगते. ती म्हणाली, मला सुटायचं नव्हतं, ताई. मग दळणाला पोरं आली आणि तिनं पट्टा चढवला.

परतीला माझी बस किन्हीराजाच्या थांब्यावर थांबली, पण मी उतरले नाही. आईला काय सांगायचं ते तिच्या तोंडाकडे बघून मला सांगता आलं नसतं. घरी येऊन दिवा लावला, कुकर चढवला, तेवढ्यात तिचाच फोन.

"वैजू," ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता, जसा वैष्णवी झाली तेव्हा होता. "हऱ्या जेवला व. आल्या आल्या म्हने, आई, भूक लागली. भाकरी खाल्ल्या, पिठलं मांगून मांगून खाल्लं. अन् आता बैठकीत बसून गुनगुनून राह्यला. मी त्याले काई इचारलं नाई, लाजते तो. मीच समजली. शेजारी साखर देऊन आली आता. साक्षगंध कवाचं म्हन्तेत दौलतराव?"

मी कुकरखालचा गॅस बंद केला.

"आई, जमलं नाई," मी म्हटलं. "पोरगी नाई म्हनली."

मागून त्याचं गुणगुणणं मला फोनवर ऐकू येत होतं.

"मंग हा जेवला कसा?" आईनं विचारलं.